गुलाब अ‍ॅब्सोल्यूट पारखताना: ताकद वेगळी, दर्जा वेगळा

प्रश्न असा आहे: दोन विक्रेत्यांकडून पाकळ्यांचा द्रावकाने काढलेला दाट अर्क, म्हणजे गुलाब अ‍ॅब्सोल्यूट घेतलं. एक हुंगलं की मंद, मधाळ, थोडं मेणचट वाटतं. दुसरं झाकण काढताच दरवळतं. यातलं अस्सल कोणतं, पातळ केलेलं कोणतं आणि नैसर्गिक परफ्यूममध्ये ते किती घालायचं?

बाटलीच्या तोंडाशी हुंगून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. झाकण काढताच खोलीभर पसरणाऱ्या मालावर तर आधी शंका घ्यावी. त्यासाठी आत काय असतं ते माहीत हवं.

गुलाब अ‍ॅब्सोल्यूटच्या उडणाऱ्या भागात साधारण ६० ते ७५ टक्के फेनिल इथाइल अल्कोहोल असतं. गुलाबपाण्याचा ओळखीचा, मऊ, गोडसर वास तो याचाच. हा पदार्थ सावकाश उडतो आणि कितीही घातला तरी नाकात घुसत नाही. त्याच्या जोडीला सिट्रोनेलॉल, जेरानिऑल, नेरॉल, थोडं युजेनॉल, थोडं फार्नेसॉल आणि फुलातलं मेण व रंगद्रव्यं असतात. वाफेवर काढलेल्या गुलाब तेलाची, म्हणजे ओटोची, रचना याच्या उलट असते. फेनिल इथाइल अल्कोहोल पाण्यात लिटरमागे सुमारे २० ग्रॅम विरघळतं, त्यामुळे ऊर्ध्वपातनात ते बहुतेक गुलाबपाण्यातच राहतं आणि तेलात जेमतेम १ ते ३ टक्के येतं. तेलात सिट्रोनेलॉल आणि जेरानिऑलचं राज्य असतं. शिवाय उष्णतेमुळे फुलातल्या पूर्वद्रव्यांपासून बेटा-डॅमॅसिनोन तयार होतं. ते अत्यल्प असलं तरी नाकाला लगेच जाणवतं. म्हणून ओटो टोकदार आणि उसळतं, तर अ‍ॅब्सोल्यूट खोल आणि बसकं. ओटोशी तुलना केली की अस्सल अ‍ॅब्सोल्यूटही दर वेळी ‘कमी ताकदीचं’च वाटणार. चंदनाच्या तेलात उतरवलेलं गुलाब अत्तर हा तिसराच प्रकार आहे, त्याचे निकष इथे लावू नयेत.

तयार होण्याची पद्धत लक्षात ठेवली की दोषांचा उगम सहज कळतो. पाकळ्या हेक्झेन या पेट्रोलसारख्या द्रावकात भिजवतात. हेक्झेन काढून घेतलं की मेणासारखं काँक्रीट उरतं. फुलांच्या वजनाच्या ते ०.२ ते ०.३ टक्के, म्हणजे एक किलोसाठी साधारण चारशे किलो फुलं. हे काँक्रीट इथेनॉलमध्ये विरघळवून शून्याच्या बरंच खाली थंड करतात, गोठलेलं मेण गाळून टाकतात आणि इथेनॉल कमी दाबाखाली उडवतात. उरतं ते अ‍ॅब्सोल्यूट, काँक्रीटच्या निम्म्याच्या आसपास किंवा थोडं जास्त. हेक्झेन नीट निघालं नाही तर पहिल्या हुंगण्यात पेट्रोलसारखा वास येतो. मेण नीट गाळलं नाही तर विझलेल्या मेणबत्तीचा वास आणि थंडीत गढूळपणा. शेवटी उष्णता जास्त झाली तर करपट, काकवीसारखी छटा. इथेनॉल मागे राहिलं तर माल पातळ आणि झाकण काढताच ‘तेज’. आणि फुलं तोडल्यावर ढिगात तशीच पडून राहिली असतील तर आंबूस, दारूसारखी कड. ही शेवटची कड पुढच्या कुठल्याच प्रक्रियेत जात नाही.

आता ताकदीकडे येऊ. नाकाला वासाची तीव्रता प्रमाणात कळत नाही. द्रावण निम्म्यावर आणलं तर वास निम्मा झाला असं वाटत नाही, थोडासाच उतरला असं वाटतं. पातळ केलेला माल बाटलीतून हुंगताना पकडला जात नाही तो यामुळेच. ताकद मोजायची तर सौम्य द्रावणात, वजन करून आणि खात्रीच्या नमुन्याशी तुलना करूनच मोजावी लागते. तुलनेचा नमुना नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. ज्या पुरवठादाराकडून त्या लॉटचा विश्लेषण अहवाल मिळतो त्याच्याकडून एखादा ग्रॅम घ्या, लॉट क्रमांक लिहून ठेवा आणि तो फक्त तुलनेसाठी राखा.

नमुना काढण्याआधी बाटली ३५ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि हलकेच उलटसुलट फिरवा. थंडीत मेण आणि जड भाग तळाशी बसतात. तसाच वरचा थर घेतला तर तुम्ही अर्धाच माल तपासत असता, आणि बाटलीच्या शेवटी आलेला वास वेगळा का, याचं कोडं पडतं. थेट आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका.

थेंब मोजू नका. अ‍ॅब्सोल्यूट दाट असतं, ड्रॉपरप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे थेंबाचं वजन बदलतं. ०.००१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा घ्या. ०.५०० ग्रॅम अ‍ॅब्सोल्यूट आणि ४.५०० ग्रॅम वासरहित ९५ टक्के इथेनॉल, हे झालं १० टक्क्यांचं द्रावण. त्यातलं ०.५०० ग्रॅम घेऊन पुन्हा ४.५०० ग्रॅम इथेनॉल घातलं की १ टक्का. दोन्ही नमुन्यांची द्रावणं एकाच दिवशी करा आणि २४ तास झाकून ठेवा. ताज्या द्रावणात अल्कोहोलचा झणका वर असतो आणि फुलाचा भाग बुजलेला असतो. १० टक्क्यांचं उरलेलं द्रावण वाया जात नाही, रचनेच्या चाचण्यांना तेच लागतं.

खात्रीच्या नमुन्याची मात्र पायरी-पायरीने उतरती द्रावणं करा. १० टक्क्यांच्या द्रावणातलं ०.३५ ग्रॅम आणि इथेनॉल ४.६५ ग्रॅम म्हणजे ०.७ टक्के; ०.२५ आणि ४.७५ म्हणजे ०.५ टक्के, ०.१५ आणि ४.८५ म्हणजे ०.३ टक्के. आता संशयित मालाचं १ टक्क्याचं द्रावण यातल्या कोणत्या पायरीशी जुळतं ते बघायचं. ०.५ शी जुळलं तर मालात गुलाब अंदाजे निम्माच आहे. १० टक्क्यांवर ही तुलना करू नये, कारण दोन-तीन पट्ट्यांतच नाक बधिर होतं आणि सगळं सारखं वाटायला लागतं.

तुलना आंधळी हवी. दुसऱ्या कुणाला तरी तीन कागदी पट्ट्या तयार करायला सांगा, दोन एका द्रावणाच्या आणि एक दुसऱ्याच्या. खूण मागच्या बाजूला. प्रत्येक पट्टीवर एकाच जातीच्या ड्रॉपरने सारख्याच प्रमाणात द्रावण टाका. पट्टी द्रावणात बुडवली की कधी ५ मिलिमीटर भिजते, कधी १०. मिनिटभर अल्कोहोल उडू द्या आणि वेगळी पट्टी कोणती ते ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीवर विसंबू नका. सहा फेऱ्यांत पाच वेळा बरोबर आलं तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते, म्हणजे फरक खरा आहे. दोन-तीनदाच बरोबर येत असेल तर त्या दोन द्रावणांत तुमच्या नाकाला तरी फरक नाही, आणि पायरी सापडली असं समजा. फेऱ्यांमध्ये पाच मिनिटं मोकळ्या हवेत थांबा. कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या कपड्याचा किंवा कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतलेला बरा.

ताकद ठरली तरी दर्जा ठरत नाही. पूर्ण ताकदीचा माल सामान्य असू शकतो, आणि १० टक्क्यांवर आणलेला, तसं लेबलवर लिहिलेला माल उत्तम असू शकतो. दर्जा कळतो पट्टी वाळताना. १० टक्क्यांच्या द्रावणाची पट्टी १ मिनिट, १० मिनिटं, अर्धा तास, २ तास, ६ तास आणि २४ तासांनी हुंगा आणि दर वेळी दोन-तीन शब्द लिहून ठेवा. चांगलं अ‍ॅब्सोल्यूट सुरुवातीला बुजरं असतं: थोडं हिरवट, थोडं वाइनसारखं. दहा मिनिटांनी पाकळी उघडते. दोन तासांनी मध, सुकं गवत आणि लवंगेची हलकी ऊब येते. दुसऱ्या दिवशी पट्टीवर मधमाशीच्या मेणाचा, किंचित तंबाखूसारखा गोडवा उरतो आणि तरीही तो गुलाब आहे हे कळतं. हा शेवटचा टप्पा सगळ्यात बोलका आहे. बाहेरून फेनिल इथाइल अल्कोहोल घालून ‘वाढवलेला’ माल पहिल्या तासात अगदी छान, स्वच्छ गुलाबपाण्यासारखा वाटतो आणि मग एका सपाट रेषेत उतरत जातो. मध नाही, मसाला नाही, दुसऱ्या दिवशी जवळजवळ कोरा कागद. जिरेनियमचं तेल घातलेलं असेल तर पहिल्या दहा मिनिटांत पुदिन्यासारखी, धातूसारखी धार जाणवते. पामरोजा (रोशा गवताचं तेल) असेल तर गवती, लिंबाकडे झुकणारी तीक्ष्णता. खवट, जुन्या तुपासारखा वास आला तर माल शिळा आहे किंवा त्यात खाद्यतेल आहे.

जातीमुळे येणारा फरक दोष म्हणून धरू नका. बल्गेरियातल्या कझानलक खोऱ्यातला आणि तुर्कस्तानातल्या इस्पार्ताचा गुलाब म्हणजे रोझा डॅमॅसिना: जास्त मसालेदार, गडद. फ्रान्समधल्या ग्रासचा ‘मे महिन्याचा गुलाब’ म्हणजे रोझा सेंटिफोलिया: मऊ, मधाळ, हलका. मोरोक्कोत दोन्ही जाती मिळतात, म्हणून तिथल्या मालावर नुसतं देशाचं नाव पुरत नाही, वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा. डॅमॅसिनाचा नमुना समोर ठेवून सेंटिफोलियाला ‘कमजोर’ ठरवणं ही नेहमी होणारी चूक आहे.

पातळ कशाने केलंय ते शोधायला काही साध्या चाचण्या आहेत, पण प्रत्येकीला मर्यादा आहे. काचेच्या छोट्या तबकडीत ०.२०० ग्रॅम माल घ्या आणि काट्यावरच १५ आणि ३० मिनिटांनी वजन बघा. अ‍ॅब्सोल्यूट खोलीच्या तापमानाला इतक्या वेळात फारसं उडत नाही. पहिल्या अर्ध्या तासात वजन साधारण १० टक्क्यांनी उतरलं आणि मग थबकलं तर ते इथेनॉल होतं. एखाद-दोन टक्के इथेनॉल प्रक्रियेतूनच मागे राहू शकतं, त्यावरून कुणाला चोर ठरवू नये.

स्थिर, म्हणजे न उडणाऱ्या तेलासाठी पांढऱ्या कागदावर १० टक्क्यांच्या द्रावणाचा एक थेंब टाका आणि दोन दिवसांनी कागद उजेडाकडे धरा. अस्सल मालाचा पिवळसर, कडेला गडद डाग राहतोच, ते रंगद्रव्य आणि मेण आहे. पण कागद आरपार दिसावा असा तेलकट डाग राहिला तर वाहक तेल आहे. जोजोबा असेल तर त्याआधीच कळतं. जोजोबा इथेनॉलमध्ये विरघळत नाही, द्रावण दुधाळ होतं आणि काही वेळाने तळाशी थेंब जमतात. ‘१० टक्के जोजोबात’ असं लिहिलेलं अ‍ॅब्सोल्यूट तेलातल्या परफ्यूमसाठी ठीक, अल्कोहोलच्या परफ्यूमसाठी निरुपयोगी. खोबरेल तेलापासून वेगळं काढलेलं न गोठणारं तेल मात्र तीव्र इथेनॉलमध्ये विरघळतं, तिथे गढूळपणाची चाचणी फसते आणि कागदाचा डागच कामाला येतो. द्रावण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर थोडं धुरकटलं तर बहुधा उरलेलं मेण आहे. ती भेसळ नसते. थंडच असताना गाळून घ्या.

डायप्रोपिलीन ग्लायकॉल, डायइथाइल थॅलेट, ट्रायइथाइल सिट्रेट ही वासरहित द्रावकं नाकाला आणि कागदाला चकवतात. अपवर्तनांक, म्हणजे द्रवात प्रकाश किती वाकतो ते, मोजायचं यंत्र असेल तर थोडी मदत होते. फेनिल इथाइल अल्कोहोलचा अपवर्तनांक २० अंशांना १.५३ च्या आसपास, डायप्रोपिलीन ग्लायकॉलचा १.४४, ट्रायइथाइल सिट्रेटचाही १.४४. त्यामुळे लॉटच्या अहवालातल्या आकड्यापेक्षा तुमचा आकडा बराच खाली आला तर संशयाला जागा आहे. पण डायइथाइल थॅलेटचा अपवर्तनांक १.५० आहे. अ‍ॅब्सोल्यूटच्या इतका जवळ, की भरपूर घातलं तरी आकडा फारसा हलत नाही. मोजताना तापमान सांभाळा. एका अंशाला आकडा साधारण ०.०००४ ने बदलतो.

खात्री हवी तर जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी यंत्रचाचणी. पण तो अहवाल वाचताना बरेच जण फसतात. त्यातले टक्के हे यंत्रातून बाहेर पडलेल्या पदार्थांचे आपसातले टक्के असतात आणि त्यांची बेरीज नेहमी शंभर होते. जोजोबासारखं जड तेल यंत्राच्या नळीतून नेहमीच्या पद्धतीत बाहेरच येत नाही, आणि इथेनॉल किंवा हेक्झेनचा सुरुवातीचा भाग अनेकदा मोजणीतून वगळलेला असतो. म्हणजे निम्मं तेल घातलेल्या मालाचा अहवाल अस्सल मालासारखाच सुंदर दिसू शकतो. अहवाल रचना सांगतो, ताकद सांगत नाही. ताकद हवी तर प्रयोगशाळेला आंतरिक मानक (मुद्दाम घातलेला, माहीत वजनाचा पदार्थ) वापरून प्रत्यक्ष प्रमाण काढायला सांगा, किंवा तुमची उतरती द्रावणं आणि अहवाल दोन्ही शेजारी ठेवा.

रचनेत बघायचं ते असं. फेनिल इथाइल अल्कोहोल ८५ टक्क्यांच्या वर आणि बाकीची यादी तोकडी असेल तर ते बाहेरून घातलेलं असण्याची शक्यता मोठी. ते दोन-तीन टक्केच असेल तर तुमच्या हातात अ‍ॅब्सोल्यूट नाही, ओटो आहे किंवा जुळवलेलं मिश्रण. युजेनॉल, फार्नेसॉल, हेप्टाडेकेन, नोनाडेकेन यांची आलेखात छोटी शिखरं असायलाच हवीत. जुळवलेल्या मालात हीच राहून जातात. डायप्रोपिलीन ग्लायकॉल एकाऐवजी शेजारी शेजारी दिसणाऱ्या शिखरांच्या पुंजक्याने ओळखू येतं. सिट्रोनेलॉलची चाचणी आणखी बारीक आहे. गुलाबातलं सिट्रोनेलॉल जवळजवळ सगळं प्रकाश डावीकडे वळवणाऱ्या रूपाचं असतं, कृत्रिम बहुतेकदा दोन्ही रूपांचं मिश्रण. हे साध्या जीसीत दिसत नाही, ही दोन रूपं वेगळी करणारी खास नळी, कायरल कॉलम, लागते. आणि पदार्थ सजीव स्रोतातून आला की पेट्रोलियममधून हे सांगणाऱ्या कार्बन-१४ च्या चाचणीवर फार भिस्त ठेवू नका: किण्वनाने बनवलेलं फेनिल इथाइल अल्कोहोलही त्यात ‘नैसर्गिक’च ठरतं. ‘१०० टक्के नैसर्गिक’ हे लेबल त्यामुळे खरं असूनही बाटलीतलं सगळं गुलाबातूनच आलेलं असेल असं नाही. विक्रेत्याला ‘नैसर्गिक आहे का’ असं विचारू नका, ‘सगळं याच वनस्पतीपासून आहे का’ असं विचारा.

रंगावरून फार काही ठरवू नका. केशरी-तांबूस, पिवळट तपकिरी, हिरवट सगळे रंग अस्सल मालात दिसतात, आणि रंग काढून टाकलेलं फिकट अ‍ॅब्सोल्यूटही बाजारात असतं.

किती घालायचं? अस्सल, पूर्ण ताकदीच्या मालासाठी अल्कोहोल घालण्याआधीच्या गाढ्या अर्काच्या ५ ते १० टक्के ही चांगली सुरुवात आहे. गुलाबच नायक असेल तर २० ते ३० टक्क्यांपर्यंत. एकट्या पट्टीवर सुंदर वाटणारा गुलाब रचनेत बुडतो, म्हणून शेवटची परीक्षा रचनेतच घ्या. १० टक्क्यांची द्रावणं घेऊन गुलाब ०.६ ग्रॅम, चंदन ०.३ ग्रॅम, पचौली ०.१ ग्रॅम असं मिसळा, दोन आठवडे ठेवा आणि पट्टीवर सहा तासांनी बघा. गुलाब ओळखू येत असेल तर माल कामाचा. नुसता पचौलीचा मातकट गोडवा उरला असेल तर एक तर माल दुबळा, नाहीतर त्याचा शेवटचा टप्पाच रिकामा. लॅब्डेनम (एक राळ) आणि ओकमॉस (ओकवर वाढणारं दगडफूल) गुलाबाला पचौलीहून जास्त गिळतात, त्यांचं प्रमाण वाढवताना दर वेळी थोडंच वाढवा.

अस्सल अ‍ॅब्सोल्यूटचा बुजरेपणा घालवायला अ‍ॅब्सोल्यूटचं प्रमाण वाढवणं हा महागडा आणि निष्फळ उपाय आहे. वाढतं ते फेनिल इथाइल अल्कोहोल, म्हणजे मऊपणा. त्याऐवजी चार-पाच भाग अ‍ॅब्सोल्यूटला एक भाग ओटो द्या. वरची उसळी ओटो देतं आणि देह अ‍ॅब्सोल्यूट. ओटो परवडत नसेल तर गुलाबाच्या वजनाच्या ५ ते १० टक्के जिरेनियम, त्याहून जास्त नको, नाहीतर पुदिन्याची धार दिसायला लागते.

त्वचेसाठी वापरायचं असेल तर त्या लॉटचं इफ्रा (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना) प्रमाणपत्र मागा आणि त्यात मिथाइल युजेनॉलचा आकडा बघा. बहुतेक वेळा मर्यादा त्यानेच ठरते. ओटोत हा घटक सहसा अ‍ॅब्सोल्यूटपेक्षा जास्त असतो, त्यामुळे वरचं मिश्रण करताना दोन्हींची बेरीज करा. युरोपात विकायचं असेल तर जेरानिऑल, सिट्रोनेलॉल, युजेनॉल, फार्नेसॉल यांची नावं, त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात प्रत्येकी ०.००१ टक्क्याच्या वर गेली की, लेबलवर लिहावी लागतात. गुलाब थोडाही असला तरी ही हद्द सहज ओलांडली जाते.

साठवताना गडद काचेची, काठोकाठ भरलेली छोटी बाटली आणि ५ ते १० अंश तापमान. माल कमी झाला की लहान बाटलीत ओता, वरची मोकळी हवाच तो बिघडवते. तुलनेच्या नमुन्यालाही हाच नियम. तो दोन-तीन छोट्या बाटल्यांत वाटून ठेवा आणि एकच वापरात काढा. उघड्या नमुन्याला आंबूस कड आली की राखीव बाटलीशी पट्टी लावून बघा, आणि फरक ओळखू आला की जुना टाकून द्या. नाहीतर पुढचा प्रत्येक लॉट बिघडलेल्या मापाने मोजला जाईल.